नोकरीला लागले किती, टिकले किती

रोजगार मेळावा संपला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तीन आकडे हमखास असतात: नोंदणी किती, मुलाखती किती आणि निवड किती. निवड झालेल्यांपैकी प्रत्यक्ष हजर किती झाले, हा चौथा आकडा कुणी छापत नाही. वर्षभराने त्यातले किती जण कामावर आहेत, हे तर कुणी विचारतही नाही. मराठवाडा-विदर्भातल्या तालुक्याच्या गावी मुलामुलींना प्रशिक्षण देऊन नोकरीला लावणाऱ्या ज्या स्वयंसेवी संस्था आहेत, त्यांचे मोजमाप या शेवटच्या आकड्यावर व्हायला हवे, आणि त्यांना पैसेही त्याच कामाचे मिळायला हवेत. सध्या पैसा मिळतो तो वर्ग भरवण्याचा, परीक्षा घेण्याचा आणि फार तर नेमणुकीचा कागद दाखवण्याचा. मुलगा गळतो तो त्याच्या पुढे.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ १९६७ साली मुंबईत वरळीला सुरू झाले. आजची जन शिक्षण संस्थाने ही त्याचीच पुढची पिढी. निरक्षरांपासून बारावीपर्यंत शिकून थांबलेल्यांपर्यंत सगळ्यांना ती घेतात आणि बहुतेक स्वयंसेवी संस्थाच ती चालवतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथे वर्षभर राहून मुले वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम शिकत आली, आणि तेही गावातली खरी कामे करत. या जुन्या कामांत संख्या लहान होती. पण शिकवणारा कुठला, शिकणारा कुठला आणि काम कुठे आहे, हे तिन्ही एकमेकांना ठाऊक असत.

संख्या वाढली ती २०१४-१५ नंतर. आधी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आली, मग प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात एकाच दिवशी ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. एवढ्या मोठ्या कामाला निकष लागणार, हप्ते लागणार, हे ओघानेच आले. घोळ आहे तो हप्त्यांच्या वाटणीत.

केंद्राने २०१५ मध्ये जे सामायिक निकष जाहीर केले, त्यांत पैसे ३०-५०-२० असे वाटले होते. तुकडी सुरू झाली की ३० टक्के, विद्यार्थी परीक्षा पास झाले की ५० टक्के आणि उरलेले २० टक्के नोकरी लागल्यावर. पहिल्या गटातल्या अभ्यासक्रमाचा तेव्हाचा दर ताशी ३८ रुपये ५० पैसे होता. चारशे तासांचा अभ्यासक्रम धरला तर एका विद्यार्थ्यामागे १५,४०० रुपये होतात. त्यातले १२,३२० रुपये नोकरीचा प्रश्न येण्याआधीच संस्थेच्या पदरात पडतात. नोकरीशी बांधलेले उरतात ३,०८० रुपये. दर नंतर वाढले, निकषांत फेरफार झाले; पण चार हिस्से वर्गाला आणि एक हिस्सा नोकरीला, ही सवय संस्थांच्या हाडीमासी मुरली. एखादी संस्था नोकरीच्या मागे लागण्याऐवजी पुढची तुकडी भरायला धावत असेल, तर तो तिचा हिशेबी शहाणपणा आहे. शंभर विद्यार्थ्यांच्या नोकरीसाठी वणवण करण्यापेक्षा आणखी पंचवीस विद्यार्थी वर्गात बसवले की तेवढेच पैसे येतात.

खेदाची गोष्ट अशी की यात सुधारणा व्हायची ती उलट्या दिशेने झाली. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत, म्हणजे २०१५-१६ ते २०२१-२२ या काळात, अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतर कोणाला नोकरी लागली याची नोंद ठेवली जाई. चौथ्या टप्प्यात ती नोंदच काढून टाकली. उमेदवाराला आपला मार्ग निवडण्याचे स्वातंत्र्य असावे, असे त्याचे समर्थन संसदेत केले गेले. स्वातंत्र्य हवेच. पण हिंगोलीच्या मुलीने तीन महिने घालवून जे प्रमाणपत्र मिळवले, त्याचा तिला उपयोग झाला का, हे विचारल्याने तिच्या स्वातंत्र्यावर कसली गदा येते?

राज्यातही वेगळे चित्र नाही. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरले. मुदत आधी सहा महिने होती, पुढे ती अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर हीच मुले कायम कामासाठी आंदोलनाला बसली. विद्यावेतन थेट खात्यात जमा झाले, व्यवहार स्वच्छ झाला. बाराव्या महिन्याचा विचार मात्र आराखड्यात नव्हता.

मुले नोकरी का सोडतात, यावर ठरलेले उत्तर ऐकू येते: 'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत.' हे उत्तर देणाऱ्याने एकदा पगाराची पावती समोर घेऊन बसावे. मेळाव्यात सांगतात, 'चाकणला अठरा हजारांची नोकरी.' हे अठरा हजार म्हणजे सीटीसी, कंपनीला तो माणूस केवढ्याला पडतो तो आकडा. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये धरा. त्यावर मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा, विमा आणि प्रशासन खर्चासह १,८२०, ईएसआयसीचे, म्हणजे कामगार आरोग्य विम्याचे, ४५५, ग्रॅच्युइटीची तरतूद ६७३, वर्षातून एकदा मिळणाऱ्या बोनसचा महिन्याचा भाग १,१६६. बेरीज १८,११४. झाले अठरा हजार. आता मुलाच्या बाजूने पाहा. १४,००० मधून पीएफचे १,६८०, ईएसआयसीचे १०५ आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात. हातात येतात १२,०१५. मुलगी असेल तर २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, म्हणून १२,२१५. यात कुणी कुणाला फसवलेले नाही. प्रत्येक रुपया कायदेशीर आहे. पण गावी बापाला सांगितलेला आकडा अठरा होता. पहिल्या पावतीवर बारा दिसल्यावर मुलगा म्हणतो, 'फसवलं,' आणि बॅग भरतो. प्रशिक्षणाच्या शेवटच्या आठवड्यात ही एक पावती फळ्यावर मांडून ओळ न् ओळ समजावायला दोन तास पुरतात. ते दोन तास किती केंद्रांच्या वेळापत्रकात आहेत?

दुसरा धक्का तारखांचा. पुष्कळ ठिकाणी हजेरीचा महिना २१ तारखेपासून पुढच्या २० तारखेपर्यंत धरतात आणि पगार त्यानंतरच्या ७ तारखेला होतो. मुलगा २२ जूनला हजर झाला तर पहिला पगार ७ ऑगस्टला, म्हणजे ४६ दिवसांनी. तेवढ्यात कॉट बेसिसवरच्या जागेचे दोन हजार डिपॉझिट, दोन महिन्यांचे चार हजार भाडे, दीड महिन्याच्या मेसचे साडेचार हजार, सेफ्टी शूज आणि जाण्यायेण्याचे दीड हजार असा साधा हिशेब केला तरी बारा हजार होतात. जेवढा पहिला पगार, तेवढा खर्च तो मिळण्याआधीच. ज्याच्या घरी ऊसतोडीची उचल फेडणे चालू आहे, त्याने हे बारा हजार कुठून आणायचे? दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेच्या मूळ मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी महिना एक हजार रुपयांचे साहाय्य आहे: नोकरी जिल्ह्यातच असेल तर दोन महिने, राज्यात असेल तर तीन, राज्याबाहेर असेल तर सहा महिने. कल्पना चांगली आहे. पण हे पैसे नोकरीचा पुरावा आल्यावर मिळतात, आणि गरज असते पहिल्या आठवड्यात.

यावर संस्थेला स्वतःला करता येण्याजोगा उपाय म्हणजे फिरता निधी. चाळीस मुलांना प्रत्येकी आठ हजार, म्हणजे तीन लाख वीस हजार रुपये लागतात. पहिल्या पगारापासून दोन-दोन हजारांचे चार हप्ते घेतले की सहा महिन्यांत तीच रक्कम पुढच्या तुकडीला मिळते. काही बुडणार, हे धरून चालावे. बिनव्याजी द्यावे, पण फुकट देऊ नये. परत करायचे पैसे असले की मुलगा फोन उचलतो, आणि त्याचा फोन चालू राहणे हीच या कामातली निम्मी लढाई आहे.

तिसरी गळती कुणाच्या नजरेत भरत नाही, कारण ती तीन महिन्यांच्या पलीकडे होते. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की कामगाराची वर्षभराची सलग सेवा मानली जाते आणि त्याला काढताना नोटीस व भरपाई द्यावी लागते. ती टाळायला ठेकेदार सहाव्या-सातव्या महिन्यात 'ब्रेक' देतो, म्हणजे कामावरून बंद करतो. मुलाची काही चूक नसते, उलट तोवर हात बसलेला असतो. तो गावी येतो आणि परत जात नाही. ग्रामीण कौशल्य योजनेच्या त्याच मूळ मार्गदर्शक तत्त्वांत सलग तीन महिने काम झाले की नेमणूक झाली असे मानतात. त्या हिशेबाने हा मुलगा यशस्वी ठरतो. म्हणून मोजायचे तर बारा महिनेच मोजावेत. नव्वद दिवसांच्या मोजणीत ब्रेक देणारा ठेकेदार आणि माणसे टिकवणारा कारखानदार सारखेच दिसतात, आणि दोघांत फरक करण्याचे संस्थेला काही कारण उरत नाही.

वर्गातल्या उणिवांबद्दल बरेच लिहिले जाते, म्हणून एकच उदाहरण घेतो. मशीन शॉपला जाणाऱ्या मुलाला व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, वाचता आलाच पाहिजे. मुख्य पट्टीवर २४ मिलिमीटर, सरकत्या पट्टीवरची सातवी रेघ जुळलेली, लघुतम माप ०.०२, म्हणजे सात गुणिले ०.०२ मिळवून माप २४.१४. फळ्यावर हे अर्ध्या तासात कळते. हातात कॅलिपर धरल्यावर मात्र जबडा तिरका बसतो, अंगठ्याचा दाब कमी-जास्त होतो, आणि तीच पिन तीन मुले तीन मापांची सांगतात. हे फक्त सरावाने जाते. तीस मुलांच्या तुकडीत दोन कॅलिपर असतील तर तासाभराच्या प्रात्यक्षिकात एकेकाच्या वाट्याला चार मिनिटे येतात. दहा असतील तर वीस मिनिटे. आठ जादा कॅलिपरांचा खर्च काही हजारांत भागतो; भिंतीवरच्या रंगीत फलकांवर त्याहून जास्त जातो. शिवणकामातही तेच. घरगुती पायमशीनवर शिकलेल्या मुलीला कारखान्यातले सिंगल नीडल मशीन पहिल्या दिवशी हातातून पळते, कारण त्याचा वेग पायाच्या अंदाजात बसलेला नसतो. तिला शिवण येत नाही असा शिक्का बसतो, आणि तिला ती उत्तम येत असते.

तुकडी कधी सुरू करायची, हा प्रश्न वर्गाच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि इथेच स्थानिक संस्थेचे मोल कळते. बीड, धारूर, पाटोद्याकडची कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. योजनेचा कार्यादेश डिसेंबरात आला आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा असला, की ज्यांच्यासाठी योजना आखली ती घरे नेमकी तेव्हा रिकामी असतात. मग पटावर येतात ती तालुक्याच्या गावची, कॉलेजात नाव असलेली, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले. भरतीची जाहिरात निघाली की निम्मा वर्ग मैदानावर. मुंबई-दिल्लीतून आलेल्या मोठ्या प्रशिक्षण कंपनीला हे उमगायला दोन वर्षे जातात आणि तोवर तिचे कंत्राट संपते. ज्या संस्थेची माणसे बचत गटाच्या बैठकांना जातात, तिला कोणत्या घरातली मुलगी दहावीनंतर बसून आहे आणि तिच्या आईची परवानगी कोण मिळवू शकेल, हे विचारावे लागत नाही.

या ओळखीचा उपयोग नोकरी लागल्यानंतर सर्वांत जास्त होतो. त्यासाठी एक माणूस लागतो: कामाच्या ठिकाणी राहणारा, मुलांच्या भागातली भाषा बोलणारा. तिसऱ्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी खोलीवर भेट, पहिला पगार झाल्यावर पावती सोबत बसून वाचणे, पंचेचाळिसाव्या दिवशी सुपरवायझरशी बोलणे, आणि ठेकेदाराने ब्रेक दिला की आठवड्याच्या आत दुसरी जागा शोधणे, एवढे त्याचे काम. पुष्कळ अडचणी कागदपत्रांच्या निघतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. पॅनवर वडिलांचे नाव नाही. लग्न झालेल्या मुलीचे बँकेत माहेरचे नाव. नावे जुळली नाहीत की पीएफचा यूएएन क्रमांक अडतो, जनधन खाते वापराविना निष्क्रिय झालेले निघते, आणि केलेल्या कामाचा पगार लटकतो. हे सगळे प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात तपासले तर दुरुस्तीला तीन महिने मिळतात. शेवटच्या आठवड्यात तपासले तर काहीच मिळत नाही.

खर्च किती? अशा माणसाला २२,००० पगार आणि ५,००० प्रवासखर्च धरला आणि त्याच्याकडे ९० मुले दिली, तर मुलामागे महिना ३०० रुपये पडतात, वर्षाला ३,६००. वर मांडलेल्या हिशेबातले नोकरीचे २० टक्के जेवढे, साधारण तेवढेच. पण ते पैसे सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत अनिश्चित, म्हणून हा माणूस आधी नेमायला संस्था धजत नाही.

सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, पैसे घेतले तर दुसरीच अडचण येते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत रोजगाराभिमुख कौशल्ये आहेत, म्हणजे निधीला वाव आहे. पण प्रस्तावात या माणसाचा पगार दिसला की कंपनीचा अधिकारी म्हणतो, प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर नको. ही पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. काम करणाऱ्या संस्थेचा खर्च त्यात मोडत नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले आहे. संस्थांनी ते परिपत्रक प्रस्तावालाच जोडावे. आणि त्याहून मुद्द्याची गोष्ट म्हणजे, मुलांना नोकरीत टिकवणारा माणूस हा प्रशासकीय खर्च नाहीच. कार्यक्रम तोच आहे.

बारा महिन्यांवर पैसे बांधले तर संस्था सोपी मुले निवडतील, हा आक्षेप खरा आहे. बारावी पास, शहराजवळची, घरची बरी मुले घेतली की आकडा आपोआप चढेल. म्हणून दर एकच ठेवू नये. एकल महिला, अपंग, आदिवासी पाड्यावरची मुलगी, शाळा सोडून चार वर्षे झालेला मुलगा यांच्यासाठी दर चढा हवा. दुसरा आक्षेप असा, की मुलगा दोन हजार जास्त मिळतात म्हणून कंपनी बदलतो, त्याला गळती कसे म्हणायचे? म्हणूच नये. मोजायचे ते माणूस कामावर आहे का; त्याच कंपनीत आहे का, हे नव्हे. यूएएन इथे उपयोगी पडतो, कारण मालक बदलला तरी क्रमांक तोच राहतो आणि पासबुकात महिन्यामहिन्याचा भरणा दिसतो. मुलाची संमती घेऊन तेवढे पाहिले की झेरॉक्स पगारपावत्यांच्या फायली बांधायची गरज उरत नाही. शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली असलेल्यांचा पीएफ कापला जात नाही, त्यांच्यासाठी करारनाम्याची नोंद पाहावी. स्वतःचे दुकान टाकलेल्यांसाठी मात्र घरी जाऊन पाहण्याला पर्याय नाही, आणि तपासणीच्या खर्चात ते धरले पाहिजे.

नोकऱ्याच नाहीत तिथे काय, हा तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. गडचिरोली-नंदुरबारच्या मुलाला चाकणला पाठवणे हाच एक मार्ग मानणे चूक आहे. काम कुठे तयार होते आहे, हे संस्थेने डोळे उघडे ठेवून पाहावे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून तीन, पाच आणि साडेसात अश्वशक्तीचे पंप शेतोशेती बसत आहेत. पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असली तरी त्याचा माणूस जिल्ह्याच्या गावी बसतो, आणि पाण्याची पाळी थांबत नाही. उंदराने कुरतडलेली वायर, पॅनलच्या वायरी जोडणारा, सैल झालेला एमसी-फोर कनेक्टर, कंट्रोलरवरचा एरर कोड, पॅनलवर साचलेला धुळीचा थर: निम्म्याहून जास्त तक्रारी एवढ्यातच मिटतील. पण शिकवताना एक गोष्ट घोटून घ्यायला हवी. पंप चालू असताना तो कनेक्टर ओढायचा नाही. डीसी प्रवाहाची ठिणगी एसीसारखी पटकन विझत नाही, हात भाजतो. घरगुती वायरिंग शिकलेला मुलगा नेमकी तीच चूक करतो, कारण त्याला एसीची सवय असते. अशा कामात गावातली दोन मुले रोजीरोटी मिळवू शकतात, तीस नाही. तीसच्याच तुकडीला मान्यता देणाऱ्या योजनेत दोन मुलांचे प्रशिक्षण बसत नाही. तिथे योजना बदलावी, मुलांची संख्या नव्हे.

निकष बदलायला सरकारला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र कोणत्याही संस्थेला उद्यापासून करता येईल. गेल्या वर्षीच्या तुकडीत किती जण होते, हजर किती झाले, सहा महिन्यांनी किती उरले, बारा महिन्यांनी किती आहेत आणि त्यांच्या हातात सरासरी किती रुपये येतात, असे पाच आकडे केंद्राच्या दारावर लावावेत. आकडे वाईट असले तरी लावावेत. आणि तो फलक कार्यालयाच्या आत साहेबांच्या खुर्चीमागे नको. प्रवेशाचा अर्ज जिथे मिळतो त्या खिडकीशेजारी हवा, मुलीला घेऊन आलेल्या बापाला रांगेतूनच वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.